पावडरचा डबा घेण्याआधी

भावा, तालमीत येऊन दोन महिने झाले नाहीत तोवर प्रोटीन पावडर विचारायला लागलास, म्हणून आधी हे ऐक. कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं अर्धा लिटर दूध घेतलंस तर १८-२० ग्रॅम प्रथिनं तिथंच मिळतात. त्यावर भागत नसेल, तरच डबा बघ.

डब्यावरचं चित्र बघू नकोस, मागचा तक्ता वाच. एका स्कूपचं वजन आणि त्यातली प्रथिनं यांचा भागाकार कर. ३० ग्रॅममध्ये २४ म्हणजे ८० टक्के, चांगल्या व्हे कॉन्सन्ट्रेटला (दुधाच्या निवळीतून काढलेल्या प्रथिनांच्या पावडरीला) साधारण याच्या आसपास हवं. १५-१६ असतील तर उरलेली बहुतेक साखर न् माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी), ठेव परत.

खरी लबाडी पुढं आहे. प्रयोगशाळेत प्रथिनं सहसा नायट्रोजन मोजून काढतात. म्हणून काहीजण ग्लायसिन, टॉरिन अशी नायट्रोजन असलेली स्वस्तातली अमिनो आम्लं मिसळून आकडा फुगवतात. घटकांच्या यादीत ही नावं वेगळी दिसली की सावध हो. ल्युसिन (प्रथिनांतलंच एक अमिनो आम्ल) किती ते बघ: २४ ग्रॅम व्हे प्रथिनांत साधारण अडीच ग्रॅम असायला पाहिजे. लिहिलेलंच नसेल, तर कंपनीला त्या बॅचचा अहवाल माग. तो एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेचा असला पाहिजे.

डब्यावरचा एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघ, पण तो परवाना आहे, दर्जाचा दाखला नव्हे. मीही सुरुवातीला तेवढ्यावरच विसंबलो आणि सहा महिने गोड पीठ प्यालो. सुटी पावडर तर कुणीही दिली तरी घेऊ नकोस. आणि पुढं स्पर्धेत उतरणार असशील, तर बंदी असलेल्या द्रव्यांसाठी बॅचवार तपासलेलाच डबा घे.