आई नागपुरात, तुम्ही जर्मनीत: मित्राच्या भरवशावर निघताना

तुमचा प्रश्न असा: ऑक्टोबरात जर्मनीला जायचंय, आई ७२ वर्षांची, मधुमेह आणि बीपी, रोज इन्सुलिन, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणार. शाळेपासूनचा मित्र शेजारच्याच बिल्डिंगमध्ये आहे आणि "तू बिनधास्त जा, काकूंकडे मी पाहतो" म्हणतो. एवढ्यावर निघावं का?

निघा. फक्त त्या "मी पाहतो"त काय काय येतं, ते दोघांनी बसून ठरवा. रात्री दोनला दवाखान्यात धावायला मित्र नाही म्हणत नाही. त्याचा जीव मेटाकुटीला येतो तो सिलिंडर, प्लंबर, लाइट बिल आणि आठवड्यातून तीनदा औषधं आणण्यात. ही सगळी कामं पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्या: केमिस्टची घरपोच सेवा, बिलांना ऑटो-पे, सकाळ-संध्याकाळ येणारी बाई. मित्राकडे तीनच गोष्टी ठेवा: आठवड्यातून एक चक्कर, अडीअडचणीचा पहिला तास, आणि काकूंची खरी अवस्था तुम्हाला सांगणं. आई फोनवर "मी बरी आहे रे" एवढंच म्हणणार, हे धरूनच चाला.

चक्कर म्हणजे नुसता चहा नाही. रविवारी त्याने गोळ्यांच्या स्ट्रिप मोजायच्या. दिवसाला दोन गोळ्या असतील तर आठवड्यात १४ कमी व्हायला हव्यात. १० झाल्या तर चार चुकल्या, १८ झाल्या तर आई विसरून दुसऱ्यांदा घेतेय, आणि हे जास्त धोक्याचं. सात दिवसांचा खणांचा डबा भरून ठेवला की मोजणं सोपं जातं. ग्लुकोमीटरमधले मागचे आकडे बघायचे, पायांच्या तळव्यांवर जखम आहे का तेही बघायचं. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, जखम दुखत नाही, म्हणून ती कुणी सांगत नाही.

साखर ७० च्या खाली गेली, हातपाय थरथरले, घाम फुटला, की तीन चहाचे चमचे साखर पाण्यात द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काही दिसलं तर आई शेवटची धडधाकट कधी दिसली होती ती वेळ लिहून ठेवायची. ही पक्षाघाताची लक्षणं; मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो. त्यामुळे सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेला दवाखाना आजच ठरवून ठेवा. नागपुरातले बरेच दवाखाने जिथे आहेत त्या धंतोली-रामदासपेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही. मित्राने स्वतःची कार काढण्यापेक्षा ॲम्ब्युलन्स बरी.

दाराजवळ एक फाईल टांगा: आधार, पॅन, विमा कार्ड, औषधांची यादी डोससह, ॲलर्जी, शेवटचे रिपोर्ट, डॉक्टरांचा नंबर, तुमचा आणि तुमच्या नंतरच्या एका नातेवाइकाचा नंबर. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत. जाण्याआधी काढून घ्या, पण ते योजनेत असलेल्या दवाखान्यातच चालतं. तुम्ही ठरवलेला दवाखाना त्यात आहे का ते विचारा. खासगी पॉलिसी नवीन घेत असाल तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

शस्त्रक्रियेच्या संमतीवर मित्राची सही पुरतेच असं नाही, दवाखाने नातेवाईक मागतात. आई शुद्धीवर असेल तर तिचीच सही. नसेल तर तुम्हाला फोन येणार, म्हणून रात्री फोन सायलेंट ठेवू नका. उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. नागपूरची पहाट म्हणजे तुमची मध्यरात्र.

पैशांत सगळ्यात जास्त घोळ होतो. मित्राच्या खात्यात रक्कम टाकून "तू खर्च कर" म्हणू नका. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षाला ५० हजारांवर मिळालेली भेट करपात्र धरतात, आणि हिशेबावरून मैत्रीत कडवटपणा येतो तो वेगळाच. घरात दहा-पंधरा हजार रोख, वही आणि पेन ठेवा. मोठं बिल तुम्ही तिथून थेट भरा. तुमचं साधं बचत खातं अनिवासी झाल्यावर एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) करावं लागतं. आईचे आधार आणि बँक तुमच्या नंबरला जोडलेले असतील तर आताच तिच्या सिमवर आणा, नाहीतर तिकडे तुमचं सिम बंद पडलं की ओटीपीची वाट बघत बसाल.

मुखत्यारपत्र कुणाच्या नावे करायचं असेल तर आई धडधाकट असताना इथेच करा. आईची मानसिक क्षमता गेली की आपल्याकडे ते चालत नाही, मग स्मृतिभ्रंशात त्याचा उपयोग शून्य.

आता पुढच्या मे महिन्याचं. पारा ४५ पार, आणि इन्सुलिनचा चालू पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांपर्यंतच टिकतो. कूलर लावूनही खोली त्यावर जाते. कोरड्या डब्यात पेन घालून तो डबा ओल्या मातीच्या भांड्यात ठेवणं हा जुना उपाय चालतो; तुमच्या पेनसाठी काय योग्य, ते पाकिटातल्या पत्रकावर बघा. न उघडलेले पेन फ्रिजमध्ये, पण फ्रीजरच्या भिंतीला चिकटून नको, गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं. आणि कूलर! बादलीने टाकी भरणं आईचं काम नाही. आधी प्लग काढायचा, मग पाणी. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. लघवीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात डोस बदलायचा का, ते एप्रिलमध्येच डॉक्टरांना विचारा.

किल्लीचा एक जोड मित्राकडे, दुसरा त्याच्या घरच्यांकडे, कारण तोही कधी गावाला जाणारच. पण आई रात्री आतून कडी लावत असेल तर दोन्ही जोड कुचकामी. निघण्याआधी सुताराला बोलावून ती कडी काढा, बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच बसवा. बाथरूमलाही तसंच. पहिल्या दिवशी आई कुरकुर करेल, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.