जुन्या शेवरोले सी-१० ला न्यूट्रल सेफ्टी स्विच आणि रिव्हर्स लाइट कसे जोडायचे?

तुमची गाडी १९७१ ची सी-१०. आधीच्या मालकाने मॅन्युअल गिअरबॉक्स काढून टर्बो ३५० ऑटोमॅटिक आणि फ्लोअर शिफ्टर बसवला. आता सेल्फ कुठल्याही गिअरमध्ये लागतो, आणि रिव्हर्स लाइट लागतच नाहीत. दोन्हींचं मूळ एकच दिसतंय: गिअरबॉक्स बदलला, वायरिंग मॅन्युअलचंच राहिलं. मी इथे मिशिगनमध्ये फावल्या वेळात अशाच जुन्या पिकअपवर काम करतो, आणि गिअरबॉक्स बदललेल्या गाडीत हे हमखास सापडतं.

न्यूट्रल सेफ्टी स्विच, म्हणजे फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच सेल्फ लागू देणारा स्विच, विकत आणण्याआधी गाडीखाली जाऊन शिफ्टरची केबल तपासा. स्विचला कळते ती लिव्हरची जागा. गिअरबॉक्सच्या आत काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो. केबल थोडी जरी सरकलेली असली तरी लिव्हर पार्कवर आणि गिअरबॉक्स पार्क-रिव्हर्सच्या मध्ये, असं होऊ शकतं. मग स्विच कितीही महागाचा असो, उपयोग शून्य. पार्कमध्ये टाकून गाडी हाताने ढकलून बघा, ती अडकली पाहिजे. पार्कवर डोळे झाकून विश्वास टाकू नये याला इथे इतिहासही आहे. पार्कमधून आपोआप रिव्हर्समध्ये जाण्याच्या तक्रारींवरून १९८० च्या अखेरीस फोर्ड आणि अमेरिकन सरकार यांच्यात तडजोड झाली आणि कंपनीने सुमारे २.३ कोटी गाड्यांच्या मालकांना इशाऱ्याची स्टिकरं पाठवली. गाड्या परत बोलावल्या नाहीत!

आता सेल्फ. चावीकडून स्टार्टरच्या सोलेनॉइडवरच्या (स्टार्टर चालू करणारा विद्युतचुंबकी स्विच) ‘एस’ टर्मिनलला जाणारी जाड जांभळी वायर शोधा. तुमच्या गाडीत ती मधे कुठल्याही स्विचमधून न जाता पोचते, म्हणून सेल्फ कधीही लागतो. ही वायर कापून थेट शिफ्टरच्या स्विचमधून फिरवली की झालं, असं अनेक जण सांगतील. मी तसं करणार नाही. जीएमचा (जनरल मोटर्स, शेवरोलेची मूळ कंपनी) सोलेनॉइड आत खेचला जाताना क्षणभर का होईना भरपूर करंट ओढतो, आणि फ्लोअर शिफ्टरचे छोटे मायक्रोस्विच त्यासाठी बनवलेलेच नसतात. चांगल्या कंपनीचा ४० अँपिअरचा रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, घाला.

रिले कसा जोडायचा यातच खरी गोम आहे. जांभळी वायर डॅशखाली कापा. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: चावीकडचं टोक ३० ला, स्टार्टरकडचं ८७ ला. चावीकडच्याच टोकावरून एक बारीक वायर काढा, ती ५ अँपिअरच्या फ्यूजमधून शिफ्टरच्या न्यूट्रल स्विचला न्या आणि तिथून ८६ ला आणा. ८५ थेट बॉडीला अर्थ. इंटरनेटवरच्या बऱ्याच आकृत्यांत स्विच अर्थच्या बाजूला दाखवतात, म्हणजे ८५ आणि बॉडीच्या मध्ये. चालतं तेही, पण ती वायर गाडीखाली घासून सोलली आणि चासीला टेकली की रिलेला कायमचा अर्थ मिळतो, आणि सेल्फ पुन्हा कुठल्याही गिअरमध्ये लागायला लागतो. तुम्हाला मात्र कळतही नाही. मी सांगतोय त्या पद्धतीत तीच वायर टेकली तर फ्यूज उडेल आणि गाडी सुरू होणार नाही. सुरक्षेची वायर तुटली किंवा सोलली तर गाडी बंद पडावी, भलत्या वेळी धावू नये.

रिव्हर्स लाइट त्या मानाने सोपे. शिफ्टरला त्यांचे संपर्क बहुधा वेगळे असतात, पण मीटरने खात्री करा: लिव्हर रिव्हर्सला नेल्यावरच जोडले गेले पाहिजेत. सप्लाय फ्यूज बॉक्सवर चावी ऑन केल्यावरच जिवंत होणाऱ्या पॉइंटवरून घ्या, १० अँपिअरचा फ्यूज घाला, स्विचमधून मागच्या फिकट हिरव्या वायरला जोडा. ११५६ नंबरचे दोन बल्ब मिळून चार-साडेचार अँपिअर घेतात, १६ गेजची वायर पुरते. वायर वाचवायला हा सप्लाय आणि न्यूट्रल स्विचचा सप्लाय एकत्र करू नका. तसं केलंत तर पार्कमध्ये नुसती चावी ऑन केली तरी उलट्या वाटेने स्टार्टरच्या वायरला सप्लाय मिळून सेल्फ झटका मारू शकतो किंवा फ्यूज उडू शकतो.

चाचणी करताना घाई नको. चाकांना पुढून-मागून ठोकळे, पार्किंग ब्रेक लावलेला, पाय ब्रेकवर, आणि इंजिन पेटू नये म्हणून इग्निशन कॉइलचा सप्लाय काढून ठेवलेला. एकेका गिअरमध्ये सेल्फ मारून बघा. तो फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्ये लागला पाहिजे. मग पार्कमध्ये चावी स्टार्टवर धरून लिव्हर हळूहळू रिव्हर्सकडे ओढा. रिव्हर्सची खाच लागायच्या आत सेल्फ थांबला पाहिजे. नाही थांबला तर स्विचचे स्क्रू सैल करून तो किंचित सरकवा आणि पुन्हा बघा.

एवढं करूनही मागचे दिवे मिणमिणत असतील, किंवा रिव्हर्स टाकल्यावर टेललाइटही अंधूक पेटत असेल, तर वायरिंग उकलत बसू नका. या पिकअपचा मागचा हौदा चासीवर वेगळा बसवलेला असतो. मध्ये पन्नास वर्षांचा गंज आणि रंगाचे थर असतात, त्यामुळे बल्बच्या होल्डरला अर्थ धड मिळत नाही. प्रत्येक होल्डरपासून चासीपर्यंत वेगळी काळी वायर ओढा, आणि वायरच्या टोकाचा लग बसेल तिथला रंग लखलखीत धातू दिसेपर्यंत खरवडा.

एलईडी बल्ब टाकायचे असतील तर खुशाल टाका, रिव्हर्सच्या सर्किटमध्ये फ्लॅशर नसतो, त्यामुळे इंडिकेटरसारखी कटकट होत नाही.