आठवीनंतर ‘विशेष शाळेत घाला’ असे शाळा सांगते तेव्हा

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील हकिगत थोडक्यात अशी आहे. आपली मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिला बौद्धिक दिव्यांगत्व आहे आणि प्रमाणपत्रावर त्याचे प्रमाण ६५ टक्के नोंदवलेले आहे. गावातल्याच अनुदानित शाळेत ती आठवी उत्तीर्ण झाली. आता मुख्याध्यापकांनी आपल्याला बोलावून तोंडी सांगितले की, सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आठवीपर्यंतच आहे, नववीत तिला सांभाळणे शाळेला जमणार नाही, इतर पालकांच्या तक्रारी येतात, शाळेत विशेष शिक्षक नाही, तेव्हा तिला जिल्ह्याच्या ठिकाणच्या निवासी विशेष शाळेत घालावे. त्यासाठी ‘पालकांच्या इच्छेनुसार’ असे कारण आधीच लिहिलेला, शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्जही त्यांनी आपल्या हाती दिला आहे. शाळेला असे करता येते का, विशेष शाळाच मुलीच्या हिताची असेल तर काय पाहून घ्यावे, आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर पुढे काय, हे आपण विचारले आहे. अठरा पूर्ण झाल्यावर तिच्या वतीने आपली सही चालणार नाही असे बँकेने सांगितल्याचेही आपण लिहिले आहे.

सर्वप्रथम, त्या अर्जावर सही करू नका. आज आपल्या मुलीच्या बाजूने असलेली सर्वांत भक्कम गोष्ट म्हणजे ती त्या शाळेच्या पटावर आहे. ‘पालकांच्या इच्छेनुसार’ या शब्दांखाली आपली सही झाली की शाळेने तिला काढले हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते, कारण कागदोपत्री तिला कोणी काढलेलेच नसते. अशा प्रकरणांत मुलांचे हक्क बहुधा कोणत्याही आदेशाने जात नाहीत, ते पालकांच्या सहीने जातात. पालक ती सही दमून, संकोचून किंवा मुलाला वर्गात त्रास होईल या धास्तीने करतात.

आता मुख्याध्यापकांच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा सहा ते चौदा वर्षे वयोगटासाठी आणि पहिली ते आठवी या प्राथमिक शिक्षणासाठी आहे, आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येणार नाही हे संरक्षण त्याच्या कलम १६ मध्ये आहे. आठवी झाल्यावर ते विशिष्ट संरक्षण संपते, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपल्या मुलीचा हक्क केवळ त्या कायद्यावर उभा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ३१ ची सुरुवातच २००९ च्या अधिनियमात काहीही असले तरी, अशी आहे, आणि पुढे ते कलम म्हणते की लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या, म्हणजे प्रमाणपत्रानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या, सहा ते अठरा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला आपल्या पसंतीच्या शेजारशाळेत, म्हणजे घराजवळच्या सर्वसाधारण शाळेत, किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. आपली मुलगी ६५ टक्क्यांमुळे या कलमात निर्विवाद बसते आणि तिचा हा हक्क आणखी जवळजवळ तीन वर्षे चालू राहणार आहे. शेजारशाळा की विशेष शाळा ही निवड कायद्याने बालकाच्या पसंतीवर सोडली आहे, म्हणजे व्यवहारात ती मुलीचा कल ओळखून आपण करायची आहे. मुख्याध्यापक सल्ला देऊ शकतात, परंतु त्यांचा सल्ला हा निर्णय ठरत नाही.

याच अधिनियमाचे कलम १६ शासनाने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांविषयी आहे. त्यांत दिव्यांग बालकांना भेदभाव न करता प्रवेश मिळावा, इमारत त्यांना वापरता यावी, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी व आवश्यक ते वैयक्तिक साहाय्य मिळावे, त्यांच्या प्रगतीवर लक्ष ठेवले जावे आणि त्यांच्यासाठी वाहतुकीची सोय व्हावी, असे ते सांगते. येथे एक बारकावा आहे, जो तक्रार लिहिताना उपयोगी पडतो. या कलमाची भाषा कर्तव्य प्रामुख्याने शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर ठेवते. म्हणून आपली तक्रार केवळ शाळेविरुद्ध असू नये, जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनाही (माध्यमिक) त्यात प्रतिवादी करावे. नाहीतर शाळा म्हणते शिक्षक शासनाने द्यावा, शासन म्हणते प्रश्न शाळेचा आहे, आणि मूल मध्येच राहते.

विशेष शिक्षक नाही हे कारण मला सर्वांत खेदाचे वाटते, कारण ते खरे असते आणि तरीही ते मुलीविरुद्ध वापरले जाते. सर्वसाधारण शाळांत शिकणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी विशेष शिक्षक नेमण्याचा प्रश्न रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये हाताळला आणि विद्यार्थी-शिक्षक प्रमाण ठरवून त्यानुसार पदे निर्माण करण्याचे निर्देश शासनांना दिले. शाळेकडे पूर्णवेळ विशेष शिक्षक नसेल, तर समग्र शिक्षा योजनेतील तालुका पातळीवरच्या समावेशित शिक्षण तज्ज्ञांना शाळेत बोलावण्याची लेखी मागणी मुख्याध्यापकांनी गटसाधन केंद्राकडे करावयाची असते. ती मागणी त्यांनी कधी केली होती का, हे आपण त्यांना लेखी विचारावे. एवढ्या एका प्रश्नाने अनेकदा चर्चेचा सूर बदलतो.

इतर पालकांच्या तक्रारी हे मुलीला नाकारण्याचे कारण होऊच शकत नाही. अधिनियमातील भेदभावाच्या व्याख्येत वाजवी सोय नाकारणे याचाही समावेश आहे, आणि विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाजवी सोय देणे हे बंधन आहे, ती मेहरबानी नव्हे, ही भूमिका ठामपणे मांडली. मात्र तक्रारींत मुलीच्या वर्तनाविषयी काही ठोस असेल, उदाहरणार्थ ती वर्गातून उठून बाहेर जात असेल किंवा गोंगाटाने बिथरत असेल, तर ते आपणही मोकळेपणाने ऐकून घ्यावे. त्यावर बसण्याची जागा, मधली विश्रांती, मदतनीस, वेळापत्रकातील बदल असे उपाय असतात, आणि ते आपल्याच अर्जात सुचवले तर आपली बाजू अधिक बळकट होते.

एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. नववीत प्रवेश मिळणे आणि नववी उत्तीर्ण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उत्तीर्ण करण्याची हमी कायदा देत नाही. तो देतो ती अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य बदलांची तरतूद. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तसेच अठरा वर्षांपर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य व साहाय्यक साधने मोफत देण्याचाही आहे. या सवलती आपोआप लागू होत नाहीत, त्या शाळेमार्फत मागाव्या लागतात. दहावीसाठी तर परीक्षेचा अर्ज भरतानाच, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी अर्ज देऊन ठेवा. नेहमीचा अभ्यासक्रम तिला फारच जड जात असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्गही आहे. तेथे दहावीसाठी किमान वय चौदा आहे, कमाल वयाची अट नाही, आणि विषय एकेक करून पूर्ण करता येतात.

आता कृतीविषयी. मुख्याध्यापकांना एक साधा अर्ज द्या. त्यात मुलगी आपल्या शाळेची विद्यार्थिनी असून नववीत शिक्षण पुढे चालू ठेवण्याची आमची इच्छा आहे, दाखला आम्ही मागितलेला नाही, आणि प्रवेश नाकारायचा असल्यास कारणे लेखी द्यावीत, एवढेच लिहा. सोबत दिव्यांगत्व प्रमाणपत्राची व दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राची (यूडीआयडी) प्रत जोडा. प्रमाणपत्रावर पुनर्तपासणीची तारीख असेल आणि ती उलटून गेली असेल, तर ते आधी नवे करून घ्या. मुदत संपलेल्या कागदाचे निमित्त समोरच्याला मिळू देऊ नये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सहीसह पोच घ्या, शाळा पोच देत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्याची एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. यापूर्वीच्या तोंडी भेटींच्या तारखा आणि काय बोलणे झाले हे आठवेल तसे आजच वहीत लिहून काढा.

बहुतेक प्रकरणे येथेच मिटतात, कारण नकार लेखी देण्याची तयारी सहसा कोणाची नसते. न मिटल्यास पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे, राज्य आयुक्त या नात्याने, अधिनियमाच्या कलम ८० खाली तक्रार करता येते. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपात असतो, परंतु ती शिफारस मिळाल्यावर संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कार्यवाही करून कळवावे लागते, आणि शिफारस मान्य नसल्यास त्याची कारणे आयुक्तांना आणि तक्रारदारालाही द्यावी लागतात. त्यानंतरचा मार्ग उच्च न्यायालयातील रिट याचिकेचा. खर्चाच्या भीतीने तो मनातून काढून टाकू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या कलम १२ नुसार बालक म्हणून, स्त्री म्हणून आणि दिव्यांग व्यक्ती म्हणून अशा तिन्ही नात्यांनी आपल्या मुलीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा आड येत नाही. तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच असते.

हे सर्व सांगितल्यावर दुसऱ्या प्रश्नाकडे तितक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे, कारण विशेष शाळेला मी कमी लेखत नाही. लहान गट, वाचोपचार, व्यवसायोपचार, दैनंदिन व्यवहाराचे शिक्षण, पैसे ओळखणे, बसने प्रवास करणे या गोष्टी चांगल्या विशेष शाळेत जशा शिकवल्या जातात तशा पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शिकवल्या जाणे कठीण असते. आपण स्वतः, मुलीला सोबत नेऊन, तिची प्रतिक्रिया पाहून ती शाळा निवडली तर तो निर्णय उत्तम ठरू शकतो. माझा आक्षेप आहे तो दुसऱ्याने लादलेल्या निवडीला. संस्थेकडे अधिनियमाखालील नोंदणी प्रमाणपत्र आहे का, हे पाहण्यास मागा, कारण नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. शिकवणारे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले विशेष शिक्षक आहेत का, तिच्यासाठी लेखी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करतात का, ते विचारा. निवासी व्यवस्था असल्याने मुलींच्या विभागात रात्री महिला काळजीवाहक असते का, स्नानगृहाला आतून कडी आहे का, आजारपणात कोणाला कळवतात आणि पालकांना कधीही भेटू देतात का, हे अवघडल्यासारखे वाटले तरी विचारा. ज्या संस्थेला हे प्रश्न अपमानास्पद वाटतात तेथे मुलीला ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तेथील प्रवेश लेखी निश्चित झाल्याखेरीज सध्याच्या शाळेचा दाखला काढू नका.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजपासूनच तयारीला लागावे असे आहे, कारण कलम ३१ मधील मोफत शिक्षणाचा हक्क अठराव्या वाढदिवशी थांबतो आणि बहुतेक विशेष शाळाही त्या वयानंतर मुलांना ठेवत नाहीत. तिने पुढे बारावी पूर्ण केली तर शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत कलम ३२ नुसार किमान पाच टक्के जागा राखीव असतात आणि कमाल वयात पाच वर्षांची सवलत मिळते. परंतु अनेक मुलांसाठी अधिक वास्तव मार्ग कर्मशाळेचा असतो, जेथे प्रौढ दिव्यांगांना व्यवसाय शिकवला जातो. जिल्ह्यातील कर्मशाळा आताच पाहून ठेवा, त्यांच्याकडे जागा मोजक्या असतात.

अठरा पूर्ण होताच ती कायद्याने सज्ञान होईल, आणि आपण आई-वडील असलात तरी तिच्या वतीने सही करण्याचा आपला नैसर्गिक पालक म्हणून असलेला अधिकार संपेल. बँकेने आपल्याला जे सांगितले त्याचा अर्थ हाच आहे. बौद्धिक दिव्यांगत्व राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ च्या कक्षेत येत असल्याने, त्याच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व मिळवता येते, त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागत नाही. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत तिच्या मालमत्तेची यादी आणि पुढे प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब समितीला सादर करावा लागतो, हे ध्यानात असू द्या. तथापि घाईने संपूर्ण पालकत्व मागण्यापूर्वी ती स्वतः काय करू शकते याचा विचार व्हावा. २०१६ च्या अधिनियमाचे कलम १३ दिव्यांग व्यक्तीचा मालमत्ता बाळगण्याचा व आपले आर्थिक व्यवहार पाहण्याचा हक्क मान्य करते, आणि कलम १४ मध्ये ठरावीक निर्णयापुरत्या, ठरावीक काळापुरत्या मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. ती सही करण्यास आणि छोटे व्यवहार समजून घेण्यास शिकत असेल, तर तिच्या नावाचे बचत खाते आताच आपल्या देखरेखीखाली उघडा आणि व्यवहार तिच्याकडूनच करवून घ्या. समिती तिच्याशी बोलून तिला काय उमगते हे पाहील, तेव्हा या सवयीचा तिला उपयोग होईल, आणि संपूर्ण पालकत्वाची गरज किती आहे हे आपल्यालाही तोवर कळलेले असेल.

मुख्याध्यापकांनी लेखी उत्तर दिल्यास त्याची प्रत माझ्याकडे अवश्य पाठवावी. आयुक्तांकडील तक्रारीचा मसुदा त्या उत्तरातील कारणांना धरूनच करावा लागेल.

आपला,
एक वकील