रविवारी संध्याकाळी सहाला जाऊन बघा

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. बाथरूममध्ये पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हॉस्पिटलची केस मॅनेजर म्हणते, परवा डिस्चार्ज देतो, पुढचे काही आठवडे नर्सिंग होममध्ये ठेवा. बारा नावांची यादी हातात दिली आहे आणि उद्यापर्यंत तीन निवडायला सांगितलंय. पुण्याहून नणंद रोज फोन करून रडते, "आईला आश्रमात टाकताय का?" चांगली जागा कशी ओळखायची?

उत्तर: ताई, आपलं फोनवर बोलणं झालंच आहे, पण हा प्रश्न इतक्या घरांतून येतो की सगळं सविस्तर लिहिते.

आधी नणंदेचं. पुण्यात नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं दहा-वीस खाटांचं हॉस्पिटल, बाळंतपणं होतात ते. इथलं नर्सिंग होम म्हणजे वृद्धाश्रम असं तिला कुणीतरी सांगितलं असणार, आणि ते अर्धंच खरं आहे. इथे एकाच इमारतीत दोन तऱ्हेची माणसं असतात. काही कायमची राहणारी, आणि काही सासूबाईंसारखी, पायावर उभं राहून घरी जायला आलेली. सासूबाई या दुसऱ्या गटात आहेत हे तिला नीट समजावून सांगा.

दुसरं, "परवा" ही काळ्या दगडावरची रेघ नाही. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, असेल तर हॉस्पिटलने तुम्हाला हक्कांचा एक कागद सही करून घेऊन दिलेला असतो. डिस्चार्जच्या दिवसापर्यंत त्यावरच्या नंबरला फोन करून अपील करता येतं, आणि निर्णय लागेपर्यंत त्यांना तिथे ठेवता येतं. त्याच फोनाफोनीत केस मॅनेजरला एक विचारा: सासूबाई हॉस्पिटलात 'इनपेशंट' म्हणून, म्हणजे रीतसर भरती होऊन, तीन दिवस होत्या, की 'ऑब्झर्व्हेशन'वर, म्हणजे नुसत्या देखरेखीखाली? ऑब्झर्व्हेशनचे दिवस त्या तिनात धरत नाहीत, आणि मूळ मेडिकेअर नर्सिंग होमचा खर्च त्या तीन दिवसांशिवाय देत नाही. दिला तर पहिले २० दिवस पूर्ण, २१ ते १०० मध्ये रोजचा वाटा आपला, त्यानंतर काही नाही. मेडिकेअर ॲडव्हांटेज, म्हणजे खासगी विमा कंपनीमार्फतचं मेडिकेअर, असेल तर कंपनीची मंजुरी आणि त्यांच्या यादीतली जागा, दोन्ही लागतात. आई-वडील अलीकडेच ग्रीन कार्डवर आलेले असतील तर पैशाचं गणित वेगळं असतं. जागा पारखायची रीत मात्र तीच.

आता तारे. मेडिकेअरच्या संकेतस्थळावर 'केअर कंपेअर' नावाचं पान आहे, तिथे प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे दिलेले असतात. बारा नावांतून चार निवडायला ते उपयोगी आहेत, पण तेवढ्यावर थांबू नका. माझी आई चौदा महिने पाच ताऱ्यांच्या जागेत होती. लॉबीत पियानो होता, ताजी फुलं असायची. एका रविवारी संध्याकाळी गेले तर तिच्या टेबलावर पाण्याचा ग्लास काठोकाठ भरलेला, स्ट्रॉ कागदातच, आणि टेबल पलंगाच्या पायथ्याशी ढकललेलं. बेलची दोरी कठड्याला गुंडाळलेली. आईचे ओठ सुकून त्यांवर पांढरी सालं आली होती. नोंदवहीत पाणी दिल्याचं लिहिलं होतं. कुणी दुष्ट नव्हतं. त्या संध्याकाळी मजल्यावर मदतनीस फक्त दोनच होत्या.

तेव्हापासून मी एकूण तारे न बघता आतले तीन वेगवेगळे बघते: तपासणी, कर्मचारी आणि 'क्वालिटी'. यातला क्वालिटीचा आकडा बराचसा नर्सिंग होमने स्वतःच भरून दिलेल्या माहितीवर निघतो. तपासणी सरकारी पथक न सांगता येऊन करतं, साधारण वर्षातून एकदा. क्वालिटीला पाच आणि तपासणीला दोन असं दिसलं तर तपासणीवर विश्वास ठेवा. तिथेही एक मेख आहे. हे तारे त्या-त्या राज्यापुरते असतात: वरच्या १० टक्क्यांना पाच, खालच्या २० टक्क्यांना एक. त्यामुळे न्यू जर्सीतले चार आणि टेक्सासमधले चार एका मापाचे नव्हेत. नावाशेजारी लाल वर्तुळात हाताचा पंजा दिसला तर तिथे अत्याचाराचा ठपका बसलेला असतो. ते नाव यादीतून काढा.

कर्मचाऱ्यांचे आकडे पगाराच्या नोंदींवरून येतात, म्हणून ते जास्त खरे. त्यात दोन गोष्टी शोधा: शनिवार-रविवारचे तास आणि वर्षभरात किती नर्सेस सोडून गेल्या. निम्म्याहून जास्त माणसं दरवर्षी बदलत असतील तर सासूबाईंना कुठल्या कुशीवर दुखतं हे कुणाच्या लक्षात राहणार?

तपासणीचा पूर्ण अहवालही वाचता येतो. तो ऑनलाइन असतोच, शिवाय कुणाला न विचारता वाचता येईल अशा जागी ठेवणं नर्सिंग होमवर बंधनकारक आहे. बहुतेक वेळा दारापाशी एक फाइल असते. प्रत्येक त्रुटीपुढे ए ते एल असं एक अक्षर असतं. डी, ई सगळीकडे सापडतात, त्यांनी घाबरू नका. जी किंवा पुढचं अक्षर म्हणजे कुणाला तरी खरोखर इजा झाली किंवा जिवावर बेतण्याची वेळ आली. ती हकिकत अक्षर न् अक्षर वाचा.

मग उठून जा. सकाळी अकराला टूर देतात तेव्हा सगळं छानच असतं. रविवारी संध्याकाळी सहाला जा. जेवणाचे ट्रे येतात, शिफ्टला माणसं कमी, मॅनेजर घरी. रविवार जमणार नसेल तर कुठलीही संध्याकाळ चालेल. एखाद्या दारावर बेलचा दिवा लागला की घड्याळ बघा आणि गप्प उभ्या राहा. कोण येतं, किती वेळाने येतं, येऊन दिवा बंद करून तसंच परत जातं का. ज्यांना कुणी भेटायला आलेलं नाही त्यांच्याकडे बघा: नखं, चष्म्याच्या काचा, भरवणारी व्यक्ती बसून भरवते की उभ्याने घास कोंबते. एखाद्या खोलीपाशी लघवीचा वास आला तर हरकत नाही, नुकतंच काही झालं असेल. सगळ्या मजल्यावर वास असेल, किंवा त्यावर सेंटचा मारा केलेला असेल, तर परत फिरा.

कपडे बदलणारी, आंघोळ घालणारी मदतनीस म्हणजे सीएनए. तिला हळूच विचारा, "आज तुझ्याकडे किती जण आहेत?" न्यू जर्सीच्या कायद्याने दिवसा ८ रहिवाशांमागे एक सीएनए हवी, संध्याकाळी १० जणांमागे आणि रात्री १४ जणांमागे एक कर्मचारी. त्या दिवशीचा आकडा भिंतीवर लावलेलाही असतो. ती म्हणाली अठरा आणि भिंतीवर नऊ लिहिलंय, तर काय समजायचं ते समजा.

खुब्याच्या ऑपरेशननंतर मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती झोपून होणाऱ्या जखमांची. माकडहाड आणि टाचा रोज स्वतः पांघरूण सरकवून बघा. दाबलं तरी लाली जात नसेल तर त्याच क्षणी नर्सला बोलवा. जागा ठरवतानाच विचारा, रात्री कूस कोण बदलतं आणि किती वेळाने? उत्तर झटकन आलं तर बरं.

आणि हे आपल्या माणसांबाबत फार महत्त्वाचं. म्हातारपणी मोठ्या ऑपरेशननंतर काही दिवस भ्रम होणं नेहमीचं आहे, आणि त्यात इंग्रजी आधी जातं. सासूबाई रात्री मराठीत हाका मारतील, "अगं, शू लागलीय." कुणाला कळणार नाही, त्या आणखी ओरडतील, आणि चार्टवर लिहिलं जाईल 'अस्वस्थ'. तिथून मनोविकाराच्या गोळीपर्यंतचं अंतर फार थोडं असतं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा एफडीएचा, म्हणजे इथल्या सरकारी औषध नियामक खात्याचा, ठळक इशारा २००५ पासून आहे. आम्हाला विचारल्याशिवाय अशी नवीन गोळी सुरू करू नका, हे पहिल्याच दिवशी लेखी द्या. पलंगाशी एक मोठा कागद चिकटवा: पाणी, शू, शी, दुखतंय, थंडी. प्रत्येक शब्दापुढे इंग्रजी उच्चार आणि अर्थ. आईकडे येणारी हैतीची एक मुलगी तीन दिवसांत "आई, पाणी?" म्हणायला शिकली. आई तिच्याच हातून प्यायची.

तुमच्या भागात काही ठिकाणी भारतीयांसाठी वेगळा विभाग आणि शाकाहारी स्वयंपाक असतो. वरण-भात मिळाला, आरती ऐकू आली की आजारी माणूस खातं, हे मी बघितलंय. पण त्या विभागाचेही तपासणीचे तारे आणि संध्याकाळचे सीएनए तितकेच कडकपणे बघा. इतरत्र 'व्हेजिटेरियन' सांगूनही चिकनच्या पाण्यातलं सूप येतं, म्हणून पहिले काही दिवस ट्रे स्वतः तपासा.

भरतीच्या वेळी कागदांचा गठ्ठा देतील. वाद झाला तर कोर्टात न जाता लवादाकडे जाऊ, असं त्यात एक पान असेल. त्यावर सही करणं प्रवेशासाठी सक्तीचं नाही. सासूबाईंच्या बिलाला तुमच्या नवऱ्याने वैयक्तिक जामीन राहावं अशी अटही त्यांना घालता येत नाही. 'रिस्पॉन्सिबल पार्टी' (जबाबदार व्यक्ती) हा शब्द दिसला की थांबा, पान घरी आणून वाचा. पुढे तक्रार करावी लागली आणि तिथल्या तिथे मिटली नाही, तर प्रत्येक राज्यात सरकारी ओम्बुड्समन, म्हणजे रहिवाशांच्या तक्रारींची दखल घेणारा अधिकारी, असतो. त्याचा नंबर भिंतीवर असतो, सेवा मोफत असते. आईच्या पाण्याचं प्रकरण मी तिथेच नेलं, आणि नंतर बेलची दोरी रोज तिच्या उशीला पिन करून ठेवली जाऊ लागली.

सासूबाईंची कवळी आणि कानाचं मशीन यांवर नाव घाला, आणि ते नॅपकिनमध्ये गुंडाळून ट्रेवर ठेवू देऊ नका. ट्रेबरोबर ते कचऱ्यात जातं. नणंदेलाही एक काम द्या. उन्हाळ्यात तुमच्याकडे सकाळचे आठ वाजतात, नाश्त्याची वेळ, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. तिने रोज तेव्हा व्हिडिओ कॉल करावा. आई, काय खाल्लंस विचारावं, ओठ बघावेत, आणि पाण्याचा ग्लास हाताला लागतोय का ते आईलाच हात लांबवून दाखवायला सांगावं.