एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या जुळ्या एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरखाली (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाखाली) पेट्रोल ठिबकते. सील घरी बदलता येईल का?

होय, येईल, मात्र आधी गळती नेमकी कुठून होते ते पाहावे. 1962 पासूनच्या सुरुवातीच्या एमजीबीवर येणाऱ्या एचएस4 प्रकारच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्याच्या) तळातून एक बारीक नायलॉनची नळी जेटकडे (पेट्रोल हवेत सोडणाऱ्या तोंडाकडे) जाते आणि बहुतेक वेळा ती जिथे चेंबरमध्ये शिरते, तिथले लहानसे रबरी सील कडक होऊन चिरलेले असते. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू केल्यास विजेवरचा पंप दाब देतो, तेव्हा पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून आले तर दोष सीलचा नसून फ्लोटच्या निडल व्हॉल्व्हचा (चेंबर भरल्यावर पेट्रोल अडवणाऱ्या झडपेचा) असतो.

काम थंड इंजिनावर, बॅटरीची जोडणी काढूनच करावे, कारण कार्ब्युरेटरच्या खालीच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला तप्त धूर बाहेर नेणारा भाग) आहे. नळीवर आधी नट, मग धातूचा वॉशर आणि शेवटी रबरी सील या क्रमाने भाग चढवावेत. सीलच्या पुढे नळीचे टोक किमान 4.8 मिलिमीटर बाहेर राहिलेच पाहिजे. नट सील दाबले जाईल इतपतच आवळावा, कारण जास्त आवळल्याने गळती उलट वाढते. जेट बेअरिंगचा (जेटला धरून ठेवणाऱ्या भागाचा) लॉकनट मात्र सैल करू नये, नाहीतर जेट पुन्हा केंद्रात बसवण्याचे किचकट काम मागे लागते.

ब्रिटनमध्ये 2021 पासून सर्रास मिळणाऱ्या ई10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या) पेट्रोलमधील इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून थोडे महाग पडले तरी व्हिटॉन या इंधनात टिकणाऱ्या रबराचेच सील घ्यावे आणि दोन्ही कार्ब्युरेटरची सीले एकाच वेळी बदलावीत.