पहिला स्मार्टफोन : अँड्रॉइड घ्यावा की आयफोन?

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात शिरण्यापूर्वी आपण हा फोन किती वर्षे वापरणार आहोत, एवढे तरी ठरवून घ्यावे. आयफोनच्या नव्याजुन्या मॉडेलांना अपडेट एकाच वेळी मिळतात; अँड्रॉइडमध्ये मात्र ते ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर असते, आणि गूगलच्या २०२३ च्या पिक्सेल ८ ला किंवा सॅमसंगच्या २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ ला जाहीर झालेली अपडेटची ७ वर्षांची मुदत स्वस्त फोनांच्या वाट्याला क्वचितच येते. माझ्या एका जुन्या फोनचे (कंपनीचे नाव राहू द्या) अपडेट दोनच वर्षांत थांबले आणि पुढे बँकेचे अ‍ॅपही उघडेना.

दुसरा मुद्दा आपल्या उन्हाचा. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, असे अ‍ॅपल स्वतःच सांगते. इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. दुचाकीच्या हँडलला फोन अडकवून, नकाशा पाहत भर दुपारी वर्धा रोडने निघालात, की पडदा आपोआप मंद होतो आणि चार्जिंगही थांबू शकते. अँड्रॉइडही यात फारसा वेगळा नाही.

यूपीआय दोन्हींकडे सारखेच चालते. टाइप-सी चार्जर मात्र आयफोन १५ पासूनच लागतो, हे वापरलेला आयफोन घेताना विसरू नये.