वर्षाचे पैसे मुलीच्या हातात द्या

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही इंग्लंडमधल्या लेस्टरला राहता, मुलगी 13 वर्षांची, मुलगा 9 वर्षांचा, दोघंही दोन वर्षांपासून घरीच शिकतात. मुलगी हुशार आहे, पण तुम्ही शेजारी बसल्याशिवाय पुस्तक उघडत नाही. धाकट्याला वाटतं, कार्ड टेकवलं की वस्तू आपली. आणि मुलांच्या डोक्यात आत्तापासून पैसा कशाला घालायचा, असं यजमानांचं म्हणणं. तुम्ही हे वेगवेगळे प्रश्न म्हणून लिहिलेत, मला त्यांचं मूळ एकच दिसतं. काय शिकायचं, कशातून शिकायचं, त्यावर किती खर्च करायचा, हे सगळं तुम्हीच ठरवता. मुलीच्या वाट्याला पानं उलटण्यापलीकडे काही उरत नाही.

इंग्लंडमध्ये शिक्षण सक्तीचं आहे, शाळा नाही. 1996 च्या शिक्षण कायद्याचं सातवं कलम मुलाच्या वयाला आणि कुवतीला साजेसं पूर्णवेळ शिक्षण शाळेत किंवा अन्य मार्गाने देण्याची जबाबदारी आईवडिलांवर टाकतं. (जर्मनीतल्या वाचकांना ही मोकळीक नाही, तिथे शाळेत जावंच लागतं.) या मोकळिकीसोबत खर्चही आपल्याच गळ्यात पडतो. पुस्तकं, शिकवण्या, अगदी जीसीएसईच्या, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेची फीसुद्धा. शाळेत जाणाऱ्या मुलाला आपल्या शिक्षणाची किंमत कधी दिसत नाही. तुमच्या मुलीला ती दाखवता येईल. घरी शिकवणारी बरीच कुटुंबं ही संधी वाया घालवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्या थोरल्याला 14 व्या वर्षी आम्ही वर्षाच्या शिक्षणाचे 400 पौंड हातात दिले. विषय दोन: जीवशास्त्र आणि इतिहास. पुस्तकं, शिकवणी, परीक्षेची फी आणि परीक्षा केंद्रापर्यंतचं रेल्वेचं तिकीट, सगळं त्यातच बसवायचं. घरी शिकणारी पुष्कळ मुलं इंटरनॅशनल जीसीएसई निवडतात, कारण तिथे बहुतेक विषय लेखी परीक्षेवर भागतात. ते त्यानेच शोधून काढलं. खाजगी परीक्षार्थी घेणारी केंद्रं कोणती, कोण किती फी घेतं, यासाठी फोनही त्यानेच केले. पहिल्यांदा इतका अडखळला की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. फोन हातातून घ्यावासा वाटत होता.

पहिल्याच महिन्यात त्याने 85 पौंडांची कोरी करकरीत पुस्तकं घेतली. जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यांची गुण देण्याची पद्धत परीक्षा मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, हे नंतर कळलं. मग उन्हाळ्याच्या परीक्षेसाठी नाव नोंदवायची फेब्रुवारीतली तारीख हुकली आणि इतिहासाला 60 पौंड विलंब शुल्क बसलं. आमच्याकडे मागितले. आम्ही दिले नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगते. त्याने इतिहासाच्या उरलेल्या शिकवण्या बंद केल्या आणि जुन्या प्रश्नपत्रिकांची उत्तरं स्वतः लिहून स्वतःच तपासायला बसला. परीक्षक कशाला गुण देतो, हे लाल पेनाने समासात लिहायचा. जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही. त्याआधी वर्षभर मी मागे लागूनही हे झालं नव्हतं. इतिहासात 6 ची श्रेणी आली (सगळ्यात वरची 9), त्याला 7 हवी होती. महिनाभर खट्टू होता, पण पुढच्या वर्षीच्या तारखा त्याने ऑक्टोबरातच भिंतीवर लावल्या.

एवढं मात्र सांभाळा. नोंदणीची शेवटची तारीख तुम्हालाही ठाऊक असू द्या. विलंब शुल्क भरावं लागलं तर लागू दे, वर्ष वाया जाऊ देऊ नका.

हिशेबासाठी ॲप नको, वही घ्या. माझ्या वडिलांचं इस्लामपूरला किराणा दुकान होतं. रात्री फळ्या लावल्या की रोजमेळ मांडायचे, आणि दोन रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत ताट वाढायचं नाही. मुलीला तसाच रोजमेळ शिकवा: डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक. खर्चाच्या पुढे एक रकाना वाढवा आणि त्यात त्या वस्तूने काय शिकायला मिळालं ते लिहू दे. आमच्या वहीत एका महागड्या पुस्तकापुढे 'उघडलं नाही' असं लिहिलेलं अजून आहे.

धाकट्याला कार्ड नको, नाणी द्या. भारतीय दुकानात 10 पौंड हातात ठेवून कोथिंबीर, लिंबं आणि तांदूळ आणायला सांगा. मोठ्या दुकानांत फळीवरच्या चिठ्ठीत बारीक अक्षरात किलोचा भाव असतो, 1 किलोची पिशवी आणि 10 किलोची गोणी त्यावरून ताडून बघू दे. 25 टक्के सूट म्हणजे आपली पाऊणकी: चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा. आजोबांकडून व्हिडिओ कॉलवर पाठ करून घ्या, दोघांनाही आवडेल. पण मुलांसमोर प्रत्येक किमतीचे रुपये करून हळहळू नका. ज्या देशात मूल वाढतंय, तिथल्या तासाभराच्या मजुरीत ती वस्तू केवढ्याला पडते, हे त्याला कळायला हवं.

ओळखीची पाच-सहा मराठी घरं असतील तर मुलांची भिशी लावा. सहा मुलं, दरमहा 5 पौंड, चिठ्ठी निघेल त्याला 30. पहिली चिठ्ठी ज्याची, तो खरं म्हणजे उधार घेतो. शेवटची ज्याची, तो बचत करतो. कर्ज आणि बचत यांतला फरक मुलांना इतका स्वच्छ दुसऱ्या कशाने कळल्याचं मी पाहिलं नाही. आणि ज्याचे पैसे आधीच मिळाले, तो शेवटपर्यंत हप्ते भरतो का, हेही सगळ्यांना दिसतं.

आता यजमानांचं. त्यांनी मुलीच्या नावे ज्युनियर आयसा, म्हणजे मुलांसाठीचं करमुक्त बचत खातं, उघडलाय, असं तुम्ही लिहिलंय. त्यात वर्षाला 9,000 पौंडांपर्यंत भरता येतात, आणि 18 पूर्ण झाले की सगळी रक्कम तिची होते. काढायची की ठेवायची, हे तीच ठरवणार. 16 व्या वर्षापासून खातंही तिला सांभाळता येतं, म्हणजे हातात तीन वर्षं आहेत. त्यांना एवढंच विचारा, ती रक्कम हातात येईल त्या दिवशी तिने याआधी किती पैसे सांभाळलेले असावेत असं त्यांना वाटतं?

सप्टेंबरपासून एकच विषय आणि त्याचे वर्षाचे पैसे तिच्याकडे द्या, विषय तिने निवडलेला. रविवारी चहाच्या वेळी अर्धा तास वही घेऊन बसा. पहिले काही रविवार वही कोरी असेल. रागावू नका आणि स्वतः भरूही नका. फक्त मागच्या आठवड्याची शिल्लक तिच्या हाताने लिहून घ्या आणि चहा प्या.